चार कोऱ्या टेपा

१

सोमवारी सकाळी शिरूरच्या घोडभीमा पाणीनोंद केंद्रात टेबलावर चार टेपा ओळीनं मांडून ठेवल्या होत्या. गाण्याच्या कॅसेटपेक्षा जरा जाड, प्रत्येकीवर सविता ढमढेरेच्या सुबक अक्षरातली चिठ्ठी, तारीख आणि सही. सगळं जिथल्या तिथं होतं. घोटाळा एवढाच, की चारही टेपा आतून कोऱ्या होत्या.

शुक्रवारी संध्याकाळी वीज गेली आणि परत आली ती अशा तावातावानं, की केंद्राचा सर्व्हर जळून गेला. आत चढवलेली पाचवी टेपही त्याच्याबरोबर होरपळली. शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या एकसष्ट गावांत कालव्याचं पाणी कुणाला, कुठल्या चारीतून, किती तास, याच्या नोंदी त्या यंत्रात होत्या. तीन वर्षं खपून भरलेल्या. येत्या शुक्रवारी कालवा सुटायचा होता, आणि यादी नसली तर पाण्यापायी भाऊ भावाच्या डोक्यात फावडं घालायला कमी करत नाही, हे त्या भागात सांगावं लागत नाही.

तरी शुक्रवारी कुणी घाबरलं नव्हतं, कारण केंद्राकडं 'अखंड योजना' होती. यंत्र जळो, कचेरीला आग लागो, घोडनदीला पूर येवो, दोन दिवसांत काम पुन्हा सुरू झालंच पाहिजे, अशी ती सविताची योजना. नोंदींची नक्कल ठेवायला पाच टेपा. एक शिरूरला, चार दौंडच्या शाखेत लोखंडी कपाटात. दर शनिवारी ताजी टेप एसटीनं दौंडला जायची आणि तिथली सगळ्यात जुनी परत यायची. पाचही टेपा कधीही एका छताखाली येता कामा नयेत, हा नियम पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत होता. उद्या, मंगळवारी, पुण्याच्या साहेबलोकांसमोर या योजनेची रंगीत तालीम व्हायची होती. यंत्र मेलंय असं धरायचं आणि टेपांवरून सगळं पुन्हा उभं करून दाखवायचं. पण यंत्रानं तालमीची वाट बघितली नाही. रविवारी पुण्याहून नवं यंत्र आलं, दौंडहून टेपा आल्या, एकेक चढवली आणि एकेक कोरी निघाली.

तपासाला मुख्य कार्यालयातून आली ती प्राची ओव्हाळ.

"दोनच शक्यता आहेत," निघताना मोठ्या साहेबांनी तिला सांगितलं होतं. "टेपा कुणीतरी बदलल्या, नाहीतर बाईंनी नक्कल कधी घेतलीच नाही, नुसत्या सह्या ठोकल्या. दुसरं खरं निघालं तर आज संध्याकाळीच निलंबन. आणि मग ते केंद्र तुम्हीच सांभाळायचं."

प्राचीनं चेहरा गंभीर ठेवला. आतून मात्र गुदगुल्या झाल्या, आणि त्या झाल्या म्हणून स्वतःची लाजही वाटली, पण ती जरा उशिरा.

त्याला कारण होतं. केडगावच्या रेल्वे गँगमनची ही लेक प्रशिक्षणात पहिली आली होती आणि सविता तिसरी. पण १९९९ साली हे नवं केंद्र मिळालं सविताला. मामा साखर कारखान्याचा संचालक, मग काय, असं प्राची तीन वर्षं मनाशी घोकत आली होती. बदलीच्या अर्जात आपणच 'फक्त पुणे' असं लिहिलं होतं, ही गोष्ट ती घोकताना वगळायची. मग सविताची अखंड योजना गाजली, वर्तमानपत्रात फोटो आला, आणि तो छापून आला त्या दिवसाची तारीख प्राचीला आज २००२चा नोव्हेंबर संपत आला तरी पाठ होती. दुसऱ्याचं चांगलं झालेलं इतकं लक्षात ठेवायला फार मोठं मन लागतं किंवा फार लहान.

सविता दारातच भेटली. "आलीस? बरं झालं," ती म्हणाली.

"तुम्ही बसा, मॅडम. मी विचारते त्याची उत्तरं द्या," प्राची म्हणाली. एकाच बाकावर बसून डबा खाल्लेल्या मैत्रिणीला ती ठरवून 'तुम्ही' म्हणत होती. "तुमचा तो ठळक अक्षरांतला नियम. पाचही टेपा कधी एका जागी आल्या होत्या का?"

सविताची नजर टेबलावर गेली. "नाही," ती म्हणाली.

ते 'नाही' क्षणभर उशिरा आलं. आणि सविताला खोटं बोलता येत नाही, हे प्राचीला प्रशिक्षणापासून माहीत होतं.

२

टेपा बदलल्या असतील तर त्या गेल्या आठवड्यातच, हे उघड होतं, कारण तालमीच्या तयारीसाठी आधीच्या शनिवारी सविता आणि पुण्याचा तंत्रज्ञ यांनी मिळून दौंडला चारही टेपा वाचून बघितल्याची नोंद होती. अर्थात ती नोंदही सविताच्याच हातची, आणि तो तंत्रज्ञ नोकरी सोडून दुबईला गेलेला. त्या आठवड्यात दौंडच्या कपाटाशी चौघे जाऊन आले होते. सविता बुधवारी. जुने दप्तर कारकून जालिंदर आप्पा मंगळवारी. शिपाई खंडू शनिवारचा नेमाचा. आणि दौंड शाखेचा प्रमुख नवनाथ, त्याच्या तर उशाशीच ते कपाट.

प्राचीनं पहिल्यांदा आप्पांना बोलावलं. संगणक येण्यापूर्वी एकसष्ट गावांचं पाणी या माणसाच्या वह्यांत होतं. त्या वह्या आता माळ्यावर होत्या.

"बाईंनी तुमच्या वह्या माळ्यावर टाकल्या. राग आला असेल," प्राचीनं विचारलं.

"राग न्हाई, मॅडम. हेवा वाटला," आप्पा सरळ म्हणाले. "सत्तावीस वर्सं लोक मला इचारून पानी धरायचे. आन् एका दिसात समदे त्या काचंकडं बघाया लागले. पयलं वरीस मला झोप न्हवती. मंग बाईनंच मला शेजारी बसवून शिकिवलं. आता माझ्या वहीत चूक घावंल, ह्यात न्हाई घावायची."

एवढ्या सहज कुणी हेव्याची कबुली द्यावी, याचंच प्राचीला नवल वाटलं. तिला तर तो शब्द स्वतःशीसुद्धा उच्चारता येत नव्हता.

बोलता बोलता तिनं जळालेली पाचवी टेप हातात घेतली. एक कड वितळलेली. उलटी केली तर पाठीवर तांबडा-पिवळा ठिपका. तसाच ठिपका टेबलावरच्या प्रत्येक पडद्याच्या कोपऱ्यात होता, छपाईयंत्रावर होता, आणि पंख्याच्या बटणावरसुद्धा होता.

"हे काय?"

"खंडेनवमीचं हळदकुंकू. त्या दिशी हत्यारं पुजायची आस्त्यात. नांगर, विळा, तराजू, ज्याचं जे आसंल ते. आमचं हत्यार आता हेच." आप्पांना जरा उत्साह आला. "ओलं कुंकू चुन्याच्या पान्यात कालवून लावलं म्या, वरीसभर जायाचं न्हाई. समदे व्हते. बाई, खंडू, दौंडवरनं रंगुबाई शिपाईन बी आली. एक नवनाथराव तेवढे न्हवते. त्येंच्या घरी भांडगावला ट्रॅक्टरची पूजा."

प्राचीच्या घरी दसऱ्याला सगळे पांढरे कपडे घालून विहारात जात. हत्यारांच्या पूजेशी तिचा संबंध पुण्याच्या कचेरीत पेढा घेण्यापुरता. तिनं बाकीच्या चार टेपा उलटून पाहिल्या. पाठी कोऱ्या करकरीत. म्हणजे ठीक होतं. नवमीपासूनच्या पाच शनिवारांत टेपांची एक फेरी पुरी होऊन त्या होत्या तिथंच आल्या होत्या. नवमीला शिरूरला असलेल्या टेपेला कुंकू लागलं, दौंडला असलेल्या चार टेपांना नाही.

"चार दौंडला होत्या ना तेव्हा?" तिनं खात्रीसाठी विचारलं.

आप्पांचा उत्साह एकदम मावळला. टोपी सारखी करत ते उठले. दारापाशी थांबले, मागं वळून न बघता म्हणाले, "ते खंडूला इचारा. पर बेतानं. गरीब हाय, नोकरीला भितो."

३

खंडूला आत बोलावण्यापूर्वी प्राचीनं दौंड शाखेची फाईल चाळली. नवनाथरावांनी तीन वर्षांत शिरूरविरुद्ध एकोणीस लेखी तक्रारी केल्या होत्या. टेप अर्धा तास उशिरा आली. चिठ्ठीवरची शाई फिकी आहे. केंद्रप्रमुख फोनवर 'हॅलो' न म्हणता बोलतात. सतरावी तक्रार सोळा ऑक्टोबरची, म्हणजे दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाची. 'कपाटातील चारही टेपांच्या पाठीवर तेलकट तांबडे-पिवळे डाग आढळले. शिपाई खंडू हे जेवणाचा डबा व शासकीय टेप एकाच पिशवीतून नेतात. डाग पुसूनही जात नाहीत. योग्य ती समज द्यावी.' प्राचीला हसू आलं. तिनं पान उलटलं.

खंडू आत आला तो हात जोडूनच.

"डबा आणि टेप एकाच पिशवीत नेतोस?"

"न्हेत हुतो, मॅडम. पर कालवन कवाच सांडलं न्हाई. माझी कारभारीन फडक्यात बांधून देती. नवनाथराव उगा कावत्यात."

"चार टेपा एकदम कधी नेल्यास?"

खंडूनं वर बघितलं, खाली बघितलं, मग दाराकडं बघितलं. दाराबाहेर सविता उभी नव्हती, तरी त्यानं आवाज खाली आणला. "बाईस्नी कायी हुनार न्हाई ना?"

"खरं बोललास तर तुला काही होणार नाही," प्राची म्हणाली. त्यानं विचारलं होतं एक, तिनं उत्तर दिलं होतं दुसरंच, आणि ते तिला कळतही होतं.

"नवमीला. सकाळच्या गाडीनं रंगुबाई चारी टेपा घिऊन आली. किल्ली तिच्याकडं बी आस्ती. आप्पा म्हनलं, हत्यारं अर्धी हिकडं, अर्धी तिकडं, आशानं पूजा कशी हुईल? देवापुढं अर्धा नांगर ठिवतो का कोन? बाई आदी न्हाईच म्हनत व्हत्या. मंग आप्पांचं तोंड बघून गप बसल्या. पाची टेपा पाटावर मांडल्या. बाई म्हनल्या, पुढनं लावू नका, अक्षर पुसंल, पाठीवर लावा. दुपारच्या गाडीनं मी चार परत न्हेऊन ठिवल्या. नवनाथरावांस्नी सांगितलं न्हाई. त्येंनी लगीच कागद केला आस्ता."

प्राचीनं पेनाचं टोपण काढलं. सापडली. ज्या बाईनं ठळक अक्षरांत नियम लिहिला, तिनंच तो मोडला होता, वर आज तपास अधिकाऱ्यासमोर खोटं बोलली होती. नक्कल घेतली होती की नव्हती हा प्रश्नच उरत नव्हता. खुर्ची जायला एवढं रग्गड होतं.

अहवालाचं पहिलं वाक्य तिच्या मनात तयार झालं, आणि ते इतकं सफाईदार होतं की जणू तीन वर्षं तयारच होतं.

४

"हो," सविता म्हणाली. तिनं एका शब्दानंही वाद घातला नाही. "त्या दिवशी चार तास पाचही टेपा या छताखाली होत्या. तीन वर्षं ही माणसं माझ्या यंत्राला परकं मानत होती, प्राची. आप्पांनी आपणहून पाट मांडला. मला नाही म्हणवलं नाही."

"सकाळी तर नाही म्हणालात."

"म्हणाले."

दीड वाजता मोठ्या साहेबांचा फोन आला. "झाला का अहवाल? पाटबंधारेवाले माझ्या मानेवर बसलेत."

"लिहितेय, सर."

तिनं कागद ओढला. टेपा बाजूला सारायला हात घातला, आणि एक टेप उलटी झाली. पाठ कोरी करकरीत.

प्राचीनं उरलेल्या तिन्ही टेपाही पुन्हा उलट्या केल्या.

पाचही टेपांना कुंकू लावलं होतं. ते पुसून जात नाही. तरी तिनं खात्री केली. कपाटातून स्पिरिटची बाटली काढून पडद्यावरच्या ठिपक्यावर कापूस घासला. कापूस तांबूस झाला, पण ठिपका फक्त फिका झाला. वितळलेल्या पाचवीच्या पाठीवर डाग होता. या चार टेपांच्या पाठीवर हळदीची छटासुद्धा नव्हती. चिठ्ठ्यांच्या कडा तिनं नखानं चाचपल्या. एका कोपऱ्यात ब्लेडची बारीक चीर होती.

म्हणजे या त्या टेपा नव्हेतच. सविताच्या टेपा कुणीतरी काढून घेतल्या होत्या आणि त्यांच्या चिठ्ठ्या कोऱ्या टेपांना डकवल्या होत्या. सवितानं नक्कल घेतली होती. दर आठवड्याला, न चुकता घेतली होती.

खोलीत कुणी नव्हतं. हे फक्त प्राचीला दिसलं होतं. ती कागदाकडं बघत बसली. नियम मोडला हे खरंच होतं, खोटं बोलली हेही खरं. तेवढंच लिहिलं तर त्यात एक अक्षर खोटं नसणार. बाई जाऊ दे आधी, मग टेपांचं बघू. मग टेपाही आपणच शोधू, केंद्रही आपणच उभं करू, फोटोही आपलाच येईल. हा विचार तिच्या मनात आला आणि चांगला अर्धा तास मुक्काम ठोकून बसला. त्या अर्ध्या तासात ती काय होती, हे तिला पुढं आयुष्यभर कुणाला सांगावंसं वाटलं नाही.

शेवटी ती उठली ती स्वतःवरच चिडून. दुसरा कुणी चोर सुटतो म्हणून नाही. प्रशिक्षणात पहिली आलेली बाई समोरचं उत्तर झाकून ठेवते, हे तिच्या गर्वाला सोसलं नाही. गर्वाचाही कधीकधी उपयोग होतो.

"सर, संध्याकाळपर्यंत थांबा," तिनं फोनवर सांगितलं आणि बाहेर येऊन जीपच्या चालकाला म्हणाली, "दौंड."

५

न्हावरा गेला, चौफुला गेला. दोन्हीकडं ऊस, मध्येच गुऱ्हाळाचा वास. प्राचीच्या मांडीवर फाईल उघडी होती आणि बोट सतराव्या तक्रारीवर.

दौंडला रंगुबाईनं पहिल्याच प्रश्नाला मान डोलावली. व्हय, चारी टेपा तिनंच नेल्या होत्या. न्हाई, नवनाथरावांना अजून ठावं न्हाई.

नवनाथराव पस्तिशीचे, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. त्यांनी प्राचीला खुर्ची दिली, चहा मागवला, आणि चहा यायच्या आत सविताबद्दल चार गोष्टी सांगून टाकल्या.

"हे पत्र तुमचंच?" प्राचीनं विचारलं.

"माझंच. आपलं काम कागदावर असतंय, मॅडम. खंडूच्या कालवणाचे डाग होते. चारही टेपांवर."

"तुम्ही पुसून बघितले?"

"बघितले ना. न्हाई निघत ते. तसं लिवलंय बी मी."

"आणि टेपा तुमच्याच कपाटात होत्या. मग हे डाग गेले कुठं?" प्राचीनं पिशवीतून चार टेपा काढल्या आणि त्यांच्यापुढं उलट्या मांडल्या.

नवनाथरावांनी टेपांकडं बघितलं. मग पत्राकडं. मग पुन्हा टेपांकडं. चहा आला, त्यांनी कप उचलला आणि न पिता खाली ठेवला.

"ते कालवण नव्हतं," प्राची म्हणाली. "कुंकू होतं. नवमीला चारही टेपा शिरूरला पूजेला नेल्या होत्या. तुम्ही भांडगावला ट्रॅक्टर पूजत होतात. केंद्रातल्या सगळ्यांना ते ठाऊक होतं, एक तुम्ही सोडून. आता सांगा, बाईंनी, आप्पांनी किंवा खंडूनं टेपा बदलल्या असत्या, तर नव्या टेपांच्या पाठीवर कुंकवाचा ठिपका लावला असता की नाही? चिठ्ठी ब्लेडनं अलगद सोडवून डकवणारा माणूस तेवढं विसरत नाही. पण ज्याला ते खरकटं वाटलं, तो चांगल्या टेपेला खरकटं कशाला फासेल? स्वच्छ टेप ठेवली की झालं. रंगुबाईकडं किल्ली आहे, पण टेपा पूजेला तिनंच नेल्या होत्या. उरलं कोण?"

"हे सगळं अनुमान झालं," नवनाथराव म्हणाले.

"अनुमानच. पोलिसांकडं दिलं की ते घरी येऊन बघतील. तुम्ही टेपा नष्ट केलेल्या नाहीत, हेही माझं अनुमानच. तुम्हाला बाईंचं केंद्र बुडवायचं नव्हतं. ते तुम्हाला हवं होतं."

नवनाथरावांनी खिशातली दोन्ही पेनं काढून टेबलावर ठेवली.

"तीन वर्सं," नवनाथराव शेवटी म्हणाले, आणि त्यांची कचेरीची भाषा गळून पडली. "तीन वर्सं त्या टेपा मी तान्ह्या लेकरावानी जपल्या. फोटो कुनाचा आला? बाईचा. बातमीत दौंडचं नाव बी न्हाई. मला फकस्त तालमीत तिची फजिती करायची होती. साहेबांसमोर टेपा कोऱ्या निघतील, आन् मी म्हननार, सर, मी स्वतःच्या हिमतीवर जादा नकला ठिवल्यात. आन् काढून देनार. बास, एवढंच."

"मग शुक्रवारी यंत्र खरंच जळालं तेव्हा का दिल्या नाहीत? तेव्हा तर साहेबांनी खांद्यावर घेतलं असतं."

"शिरूरच्या गाडीत बसलो होतो, मॅडम. टेपा मांडीवर." त्यांनी डोळे पुसले. "मंग वाटलं, बाई जाऊ दे आधी. मंग टेपांचं बघू."

दुपारी प्राचीनं मनात म्हटलेलं वाक्य, शब्दाला शब्द, या माणसाच्या तोंडून बाहेर पडलं होतं. तिला त्याची किळस यायला हवी होती. पण ती ज्या खुर्चीवर बसली होती तिथून त्याच्या खुर्चीपर्यंत फार अंतर आहे, असं तिला वाटेना.

६

भांडगावचं घर हमरस्त्यापासून जवळच होतं. नवनाथराव जीपमधून उतरलेच नाहीत. प्राची आत गेली. त्यांच्या आई, भागुबाई, ओसरीवर शेंगा फोडत होत्या. नवनाथनं ठेवलेली पेटी न्यायला आलेय म्हटल्यावर त्यांनी कपाटातून पत्र्याची पेटी काढली. वर शाल गुंडाळलेली, आत ओल धरू नये म्हणून तांदळाची पुरचुंडी. अखंड योजनेत लिहिलं होतं तसंच, कोरडं, थंड, धुळीपासून लांब. अशा निगुतीनं तर सरकारनंही त्या टेपा ठेवल्या नव्हत्या.

"बढती झाली का गं बाई माझ्या नवनाथची?" म्हातारीनं विचारलं. "ह्या पेटीमुळं हुनार म्हनला हुता."

"सांगते त्यांना घरी यायला," प्राची म्हणाली आणि पेटी उचलून निघाली.

साडेसातला शिरूर. पहिली टेप चढवली, दिवा लुकलुकला, आणि पडद्यावर गावांची नावं एकामागून एक उतरायला लागली. आप्पा पडद्यापुढं हात जोडून उभे राहिले. खंडू रडला. शुक्रवारचं पाणी वाचलं होतं. मोठ्या साहेबांना फोन झाला. नवनाथरावांना तिथल्या तिथं कामावरून दूर केलं, पुढचं चौकशीत ठरणार होतं.

सगळे पेढे आणायला गेले तेव्हा खोलीत दोघीच उरल्या.

"पाचही टेपा एका छताखाली आल्या होत्या, हे मी अहवालात लिहिणार आहे," प्राची म्हणाली.

"लिही. ताकीद मिळेल. मिळायलाच हवी."

प्राचीला वाटलं, आता बोलून टाकावं, नाहीतर हे आयुष्यभर घशाशी राहील. "सविता, मला तू दोषी निघायला हवी होतीस. सकाळपासून. आज नाही, तीन वर्षांपासून मी तुझ्यावर जळतेय."

"माहीत आहे."

"माहीत आहे?"

"म्हणून तर साहेबांना म्हटलं, प्राचीलाच पाठवा." सविता टेपेची पाठ अंगठ्यानं पुसत होती, ठिपका काही जात नव्हता. "कुंकू नाही, हे मला काल टेपा आल्या तेव्हाच दिसलं. पण मी सांगितलं असतं तर कोण ऐकणार होतं? नियम मोडलेली बाई स्वतःला वाचवायला देवाचं कुंकू पुढं करतेय, असंच म्हणाले असते. एखाद्या मैत्रिणीला बोलावलं असतं, तर तिनं मला सोडवायची घाई केली असती आणि तिचंही कुणी खरं मानलं नसतं. मला असं माणूस हवं होतं, जे माझी एकही चूक सोडणार नाही. चूक सापडली की कुंकू सापडणारच होतं."

"आणि सकाळचं ते 'नाही'?"

"मला खोटं बोलता येत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे? तेवढं एकच बोलले. तू धरशील म्हणून."

"आणि मी कुंकू बघूनही गप्प राहिले असते तर?"

सविताचा अंगठा थांबला. "ते मी काल रात्रभर मोजत होते," ती म्हणाली. "तू प्रशिक्षणात पहिली आली होतीस. आलेलं उत्तर न लिहिता तुला पेपर देता येईल, असं मला वाटलं नाही."

बाहेर खंडूचा आवाज आला, पेढे आले होते. सविता उठून बाहेर गेली. प्राची तिथंच बसली. हिनं यंत्राची, आगीची, पुराची तजवीज केली होती, आणि प्राचीच्या हेव्याचीसुद्धा. तीन वर्षं जो हेवा केला तो खुर्चीचा आणि फोटोचा, तो आज कोमट वाटला. खरा हेवा तिला आत्ता वाटत होता, आणि या वेळी मामा, कारखाना, बदलीचा अर्ज, कशावरच तो ढकलता येत नव्हता.